इस्रायलला सपोर्ट करायचाय ना, मग आधी सॅम्युअल स्ट्रीटला जा

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर बारा-पंधरा जणांच्या डीपीवर इस्रायलचा झेंडा आला. सगळ्यांनी मनापासून लावला होता, त्यात शंकाच नाही. पण मी एक साधा प्रश्न टाकला, आपल्या आग्रीपाड्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कोणी बघितलंय का, तर एकालाही इथे सिनेगॉग आहे हेच माहीत नव्हतं. मागेन हसिदीम. आमच्या गेटपासून चालत दहा मिनिटं. शुक्रवारी संध्याकाळी तिथून बाहेर पडणारी माणसं एकमेकांशी आपल्यासारखंच मराठी बोलतात आणि आडनावं बघाल तर पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर.

तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं की मग करायचं काय, झेंडा लावू नको का. लावा ना. पण झेंडा शेवटी, आधी बाकीचं, आणि ते बाकीचं काय ते सांगायला हे लिहितोय.

माझं आधीच सांगून टाकतो. मी उजव्या विचारांचा माणूस आहे, नोकरीनिमित्त डॅलसच्या बाजूला नऊ वर्षं काढली आणि इस्रायलच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय करायचं हे मी तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांकडून शिकलो. ऑफिसातला एक सहकारी होता, घरी पिढीजात गुरं पाळणारा, दर रविवारी न चुकता चर्च. सॅन अँटोनियोचे पास्टर जॉन हेगी यांनी १९८१ साली इस्रायलच्या सन्मानार्थ एक संध्याकाळ असा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे २००६ मध्ये ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल ही संघटना काढली, तर त्याच धर्तीच्या एका छोट्या कार्यक्रमाला तो मला घेऊन गेला. भाषणं झाली, बायबलमधल्या उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातलं वचन झालं, जे अब्राहामाला आशीर्वाद देतील त्यांना देव आशीर्वाद देईल ते, पण माझ्या लक्षात राहिलं ते दाराजवळचं टेबल. त्यावर तिथल्या खासदाराच्या ऑफिसचा नंबर छापलेल्या चिठ्ठ्या, अँब्युलन्ससाठी देणगीची पाकिटं आणि एक वही, की जवळच्या सिनेगॉगला सणाच्या दिवशी पार्किंग सांभाळायला माणसं हवीत, कोण येणार ते नाव लिहा. लोक लाइन लावून नावं लिहीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हा मित्र ऑफिसात आला आणि कॉफी घ्यायच्या आधी त्याने खासदाराच्या ऑफिसला फोन लावला, नाव सांगितलं, पिनकोड सांगितला, कुठल्या बिलाला मत द्या ते सांगितलं, संपलं, दोन मिनिटं.

आणि मग १५ जानेवारी २०२२. कॉलीव्हिल म्हणून गाव आहे तिथे, शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी एक बंदूकवाला सिनेगॉगमध्ये शिरला आणि त्याने रब्बीसकट, म्हणजे ज्यू धर्मगुरूसकट, चार जणांना ओलीस धरलं. जवळजवळ अकरा तास. एकाला आधी सोडलं, शेवटी रब्बीने त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेले तिघे दरवाज्यातून पळाले, सगळे वाचले. तो सगळा वेळ घरच्यांना आसरा दिला होता शेजारच्या कॅथलिक चर्चने. नऊ वर्षांत मी तिथे जे ऐकलं आणि वाचलं त्या सगळ्यापेक्षा मला ते चर्चचं उघडं दार जास्त शिकवून गेलं, कारण कॉन्झर्व्हेटिव्ह असणं म्हणजे काय तर जवळचं आधी सांभाळायचं, घर, शेजार, देऊळ, शाळा, स्मशान, भाषा, आणि मग त्याच्या जोरावर लांबच्या मित्राच्या मागे उभं राहायचं.

अमेरिकेचं राजकारण थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे त्यातलं अर्धवट फिरतं. इस्रायलची बाजू घेणं ही पहिल्यापासून फक्त रिपब्लिकन लोकांची गोष्ट नव्हती. १४ मे १९४८ ला इस्रायल जाहीर झालं आणि ११ मिनिटांत ट्रूमनने मान्यता दिली, तो डेमोक्रॅट. १९५६ च्या सुएझ प्रकरणात इस्रायलला मागे हटायला लावणारा आयझेनहॉवर रिपब्लिकन. मग १९७३ च्या युद्धात निक्सनने विमानांनी शस्त्रं पोचवली, आणि पुढे हळूहळू चर्चवाली माणसं आणि "ताकद असेल तरच शांतता" म्हणणारी माणसं एका बाजूला आली. अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला न्यायचा कायदा १९९५ चा आहे, दोन्ही पक्षांनी मिळून केलेला, पण एकामागून एक अध्यक्ष दर सहा महिन्यांनी सही करून पुढे ढकलत राहिले, ते ट्रम्पने ६ डिसेंबर २०१७ ला जाहीर केलं आणि १४ मे २०१८ ला दूतावास हलला. सप्टेंबर २०२० मध्ये अब्राहम करार झाले, यूएई आणि बहरीन, नंतर मोरोक्को. माझ्या मते हा गेल्या तीस वर्षांतला तिथला सगळ्यात मोठा शांततेचा करार आहे आणि तो इस्रायल कमजोर असताना झाला नाही, मजबूत असताना झाला. मदतीच्या पैशाबद्दल विचारतात, तर २०१६ चा करार आहे, दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर, ओबामाच्या काळात झालेला, आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेतल्याच कारखान्यांत खर्च होतो. हे माहीत नसताना वाद घालू नका, समोरचा एका वाक्यात गप्प करेल.

आता आपलं. आपल्याला उत्पत्तीचा बारावा अध्याय लागत नाही, आपल्याकडे नवगाव आहे. अलिबागजवळ. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंची, परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ती मंडळी कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोकांनी नाव पाडलं शनवार तेली. ना कोणी त्यांना हाकललं, ना कोणी त्यांचा धर्म बदलला. जगात ज्यू लोकांनी जिथे जिथे दिवस काढले तिथला इतिहास वाचा आणि मग नवगावचा वाचा. ही आपल्या आजोबा-पणजोबांची कमाई आहे आणि ती टिकवायची असेल तर पहिली पायरी हीच, जाऊन बघा.

सुरुवात मशीद बंदरपासून करा. सॅम्युअल स्ट्रीटवर शआर हारहामीम आहे, १७९६ सालचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. बांधलं सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी, कंपनीच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेत सापडले होते, सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस केला होता अशी आठवण सांगतात. बेने इस्रायलमधली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, आणि मशीद स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं अनेक जण मानतात. आपण हजार वेळा त्या स्टेशनवरून गेलोय. मग भायखळ्याचं मागेन डेव्हिड, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, आणि काळा घोड्याचं निळं कनेसेथ एलियाहू, १८८४ चं, जे डागडुजी करून २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. ही दोन बगदादी ज्यूंची, म्हणजे इराक वगैरे भागातून आलेल्यांची. सात रस्त्याला तिफेरेथ इस्रायल आहे, ठाण्याला १८७९ चं शआर हाशामाइम, अलिबागला तर गल्लीचं नावच इस्रायल आळी.

जाताना काय करायचं ते नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. आधी फोन करा. ओळखपत्र ओरिजिनल न्या, मोबाईलमधला फोटो नको, २००८ नंतर सगळीकडे चेकिंग आहे आणि पोलीस काय विचारतील त्याला सरळ उत्तर द्या, चिडू नका, ते का बसलेत ते आपल्याला माहितीये. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बघे म्हणून जायचंच नाही, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. कोणी प्रार्थनेला बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग मोबाईल बंद, फोटो नाही, लिहिणं नाही, आणि पाकीट काढून देणगी तर अजिबात नाही, शब्बाथला पैशाला हात लावत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायचं, दाराशी टोप्या असतात बहुतेक ठिकाणी, नसली तर स्वच्छ रुमाल बांधा. बायका बहुतेक ठिकाणी वरच्या गॅलरीत किंवा वेगळ्या बाजूला बसतात. तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीला हात लावू नका, जवळ आणली तरी. पेढे-लाडू नेऊ नका, कोशेरचे, म्हणजे काय खायचं काय नाही याचे, नियम असतात आणि समोरच्याला नाही म्हणायला जड जातं, त्यापेक्षा अख्खी फळं न्या. आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न "तुम्ही सगळे इस्रायलला का जात नाही" हा विचारू नका, प्लीज. हा प्रश्न त्यांना इतक्या वेळा विचारलाय लोकांनी की त्याचा अर्थ त्यांच्या कानाला "तुम्ही अजून इथे कसे" असा लागतो. हे मला एका आजोबांनी सांगितलं, शांतपणे, आणि तेव्हापासून मी तो प्रश्न कोणाला विचारू देत नाही.

१९४८ च्या आसपास बेने इस्रायल वीसेक हजार होते, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात सगळे ज्यू मिळून ४,६५०. प्रार्थनेला किमान दहा मोठी पुरुष माणसं लागतात, मिन्यान म्हणतात त्याला, आणि जुन्या सिनेगॉगमध्ये कधी कधी नऊवर अडतं. तिथे आपण दहावे होऊ शकत नाही. पण बाकी जे जे करू शकतो ते बघा.

सण ओळखा. मराठी नावांनी ओळखा, कारण त्यांनी ती मराठीत ठेवली होती. वर्षाचा पहिला दिवस म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण, दिवसभर उपास, पांढरे कपडे, जुन्या काळी दारं लावून घरात बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, गाठीभेटी, दानधर्म. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस, तिशा बआव, तो बिरड्याचा सण, कारण वालाचं बिरडं. सीकेपी घरातल्या कोणालाही हे सांगा, पुढची माहिती द्यायची गरज लागणार नाही. मागणं पूर्ण झालं, नवं घर घेतलं, लग्न ठरलं की मलिदा, भिजवलेल्या पोह्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, बाजूला पाच प्रकारची फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव. बोलावलं तर जरूर जा. तुम्ही मलिद्याला गेलात तर तुमच्या मुलांना आयुष्यभर कोणी ज्यूंबद्दल खोटं सांगू शकणार नाही.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक ज्यू आजी होत्या, आम्ही सगळे आजीच म्हणायचो. गुरुवारी रात्री त्या काळे मनुके धुवून भिजत घालायच्या, शुक्रवारी दुपारी ते हाताने कुस्करायच्या, मिक्सर नाही, हातानेच, मग पांढऱ्या मलमलच्या फडक्यात बांधून पिळायच्या, आणि तांबूस काळसर रस स्टीलच्या पेल्यात. वाईन कुठे मिळायची चाळीत, म्हणून हेच शरबत किद्दूशला, शब्बाथच्या आशीर्वादाला. दिवा लागला की मला हाक मारायच्या, "ये रे, बस, पण बोलायचं नाही आता", आणि मी जमिनीवर मांडी घालून बसायचो, आधी हिब्रूत काहीतरी, मग सगळ्यांना एकेक घोट, मलाही. नव्याच्या सणाला हलवा, गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला, कारण मटणाच्या जेवणानंतर गाईचं दूध चालत नाही. माझ्या आईने तो हलवा त्यांच्याकडून शिकून घेतला आणि अजून करते. मला विचाराल तर ज्यू लोकांचं जगणं टिकवायचं म्हणजे यातलं काहीतरी तुमच्या घरात यायला हवं, रेसिपी, शब्द, एखादा सण माहीत असणं, नाहीतर ते म्युझियममध्ये जातं.

पैशाचं. द्यायचे असतील तर इथेच द्या, रुपयात द्या, सिनेगॉगच्या ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन द्या, पावती घ्या, ८०जी आहे का विचारा. कोणी फॉरवर्ड पाठवला की इस्रायली सैनिकांसाठी या नंबरवर यूपीआय करा तर करू नका. आधी विचारा की गरज कशाची आहे. बहुतेक वेळा गरज असते छप्पर गळतंय त्याची, दफनभूमीची भिंत पडलीये त्याची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या औषधांची. याच्यावर कोणी पोस्ट टाकत नाही म्हणून कोणी पैसे देत नाही. आणि ज्याला पैसे देणं जमत नाही त्याने वेळ द्यावा, कोणाला बँकेत न्या, कोणाला डॉक्टरकडे, पण शनिवारी नाही.

तुम्ही कुठे मॅनेजर असाल किंवा सोसायटीच्या कमिटीवर असाल तर तुमच्या हातात जास्त आहे. दारफाळणीच्या सणाला रजा मागितली तर कारण न विचारता द्या, मिटींग त्या दिवशी ठेवू नका. शुक्रवारी हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, तासभर आधी सोडा. सुक्कोथला, म्हणजे त्यांच्या मांडवांच्या सणाला, गच्चीवर किंवा कंपाउंडमध्ये छोटा मांडव घालायची परवानगी मागतील, आठवडाभराचा प्रश्न असतो, गणपतीला आपण रस्ता अडवतो, तेव्हा सही करायला दोन मिनिटं लागू नयेत. बिल्डिंग रंगवायला काढली तर पेंटरला आधी सांगून ठेवा की ज्यू घराच्या उजव्या चौकटीवर छोटी नळी ठोकलेली असते, मेझुझा, आत चर्मपत्रावर शमा ही प्रार्थना लिहिलेली असते, ती काढायची नाही आणि तिच्यावरून ब्रश फिरवायचा नाही. सिनेगॉगसमोर कचरा, हातगाड्या, तुंबलेलं गटार असेल तर नगरसेवकाला तुम्ही लिहा, मतदार म्हणून. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, पण मूठभर मतं असलेल्या समाजाला कोण विचारतो, म्हणून त्यांच्या बाजूने आपली मतं बोलली पाहिजेत. टेक्सासच्या त्या दोन मिनिटांच्या फोनचं हे आपलं मराठी रूप समजा.

आता अवघड भाग. बोलायचं, आणि आधी आपल्याच लोकांना बोलायचं.

आपल्याकडे कडक हेडमास्तरला कौतुकाने हिटलर म्हणतात, फूटपाथवर त्या माणसाचं आत्मचरित्र मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, शिस्तीचं उदाहरण म्हणून आपल्याच विचारांची मुलं ते वाचतात आणि त्याच हाताने इस्रायल जिंदाबाद टाइप करतात. साठ लाख ज्यू मारले त्या माणसाच्या राजवटीने. दोन्ही एकत्र चालत नाही. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, मुंबईतल्या ज्यू लोकांनी निषेध केला, मग नाव बदललं. माझं म्हणणं एवढंच की निषेध करायला तेच का जावे लागले, आपण का नव्हतो. कोणी असं बोललं तर ओरडू नका, बाजूला घ्या, सांगा. मुलगा लहान असेल तर त्याला सिनेगॉगमध्ये घेऊन जा.

अमेरिकेतल्या उजव्यांनी हे काम केलंय आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विल्यम बकली या तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लेखकाने १९५० च्या दशकात नॅशनल रिव्ह्यू हे नियतकालिक काढलं आणि ज्यूद्वेष छापणाऱ्या दुसऱ्या एका मासिकात जे लिहितील त्यांचं नाव आपल्या अंकावर ठेवणार नाही असं ठरवलं. स्वतःच्या बाजूच्या माणसांना दार दाखवलं. आज ते काम पुन्हा करायची वेळ तिथे आलीये, उजवीकडची काही तरुण मंडळी ज्यूंबद्दल जे लिहितात ते वाचून अंगावर काटा येतो. पिट्सबर्गला २७ ऑक्टोबर २०१८ ला सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारणारा डावा नव्हता, आणि मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ज्यू म्युझियमबाहेर इस्रायली दूतावासातल्या दोघांना गोळ्या घालणारा "फ्री पॅलेस्टाईन" ओरडत होता. विष दोन्ही बाटल्यांत आहे. "ज्यू लोक जग चालवतात" हे वाक्य कौतुक म्हणून म्हटलं तरी तेच विष असतं, हे लक्षात ठेवा, आपल्याकडे ते कौतुक म्हणून फार चालतं.

आणि दुसरं, इस्रायलच्या नावावर मुसलमानांना शिव्या घालायला जे येतात त्यांना ग्रुपवर थांबवा. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत आणि माझगावच्या सर एली कदूरी शाळेत, जी १८७५ मध्ये केहिमकरांनी बेने इस्रायल मुलांसाठी काढली, तिथे आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत, सिनेगॉगच्या आजूबाजूची दुकानं त्यांची आहेत, वर्षानुवर्षं सगळं नीट चाललंय. तुमच्या मेसेजने त्या गल्लीतली शांतता बिघडली तर त्याचा त्रास पहिला कोणाला होणार, त्या दहा-वीस ज्यू घरांना. गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो बघून मलाही झोप लागत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. ७ ऑक्टोबरला हमासने १२०० च्या आसपास माणसं मारली, २५१ ओलीस नेली, हे युद्ध त्यांनी सुरू केलं आणि त्यांनी मुलांच्या मागे लपून केलं असं माझं ठाम मत आहे, पण मूल ते मूल. इस्रायलमध्येच लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर येतात, २०२३ मध्ये महिनोन्महिने येत होते, मग मुंबईत बसून आपण प्रत्येक मंत्र्याची वकिली करायची गरज नाही. देशाच्या जगण्याच्या हक्काची बाजू घ्यायची, ती मात्र न डगमगता.

ती घेताना आपल्या जवळची उदाहरणं द्या, अमेरिकेची नको. १९९९ ला कारगिलमध्ये, अणुचाचणीनंतर अर्धं जग तोंड फिरवून बसलं असताना, इस्रायलने दारूगोळा आणि लेझर गायडन्सचं साहित्य दिलं. २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेणारे घोडेस्वार जोधपूर आणि म्हैसूरचे होते. १९४७ च्या डिसेंबरमध्ये सावरकरांनी पत्रक काढून ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं होतं, तेव्हा दिल्ली विरोधात होती, मान्यता १९५० ला दिली आणि पूर्ण संबंध जोडायला १९९२ उजाडलं, मधली जवळजवळ चाळीस वर्षं मुंबईतला कॉन्सुलेट तेवढा होता. दापोलीच्या हापूसवाल्याला आणि नागपूरच्या संत्रावाल्याला विचारा, इस्रायलच्या मदतीने उभी राहिलेली केंद्रं तिथे आहेत, ठिबक तर आता घरचा शब्द झालाय. परळच्या हाफकिनमधला हाफकिन ओडेसाचा ज्यू, १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याला प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली. आणि हेही सांगा की इस्रायलने आपल्या मराठी ज्यूंना सुरुवातीला सहज सामावून घेतलं नाही, तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका काढली, ही मंडळी जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, आणि १९६४ ला तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्या देशात धरणं धरून न्याय मिळतो त्या देशाची बाजू घ्यायला मला अवघड वाटत नाही.

दरवर्षी २६ नोव्हेंबरला कुलाब्याला जा. नरिमन हाऊस, २००८ च्या हल्ल्यात सापडलेलं ज्यू केंद्र. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का, आणि सोबतचे चार जण तिथे मारले गेले, त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी त्याला उचलून बाहेर आणलं, आणि वरून उतरलेले एनएसजीचे गजेंद्रसिंह बिश्त तिथेच पडले. मेणबत्ती लावा किंवा नुसते उभे राहा. डिसेंबरात हनुक्का, ज्यूंचा दिव्यांचा सण, येतो, कुठे दिवे लागणार आहेत ते विचारून घ्या आणि मुलांना न्या.

कधी इस्रायलला गेलात तर जेरुसलेम बघा, मग एक दिवस काढून डिमोना किंवा अश्दोदला जा आणि बाजारात मोठ्याने मराठी बोला. कोणीतरी मागे वळेल.

आमच्या आजी मुलाकडे अश्दोदला गेल्या, खोली आम्ही घेतली, आता तिथे माझा भाचा राहतो. जाताना त्यांनी मेझुझा स्वतःच्या हाताने काढून पदराने पुसून पर्समध्ये ठेवला. चौकटीवर दोन खिळ्यांची भोकं राहिली, एकाखाली एक, आणि मधे लांबट पट्टा, जिथे जुना हिरवा रंग अजून तसाच आहे. गेल्या दिवाळीआधी पेंटर पुट्टी घेऊन आला आणि भोकं बुजवायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं, म्हटलं बाकी सगळं कर, एवढं सोड. संध्याकाळी आजींचा व्हिडिओ कॉल होता. हलवा जमला का, आईचे गुडघे कसे, सगळं विचारून झालं, मग म्हणाल्या, "दाराकडे ने रे फोन जरा."

नेला.